डेड स्टॉक रजिस्टर

एकतीस तारखेला मॅडम रिटायर होणार,
म्हणून सतरापासून आम्ही दोघं मोजतोय.
भाले अकरा, त्यातले चार वाकडे.
लाकडी थाळ्या सात.
एक गोळा कमी भरला,
तो परीक्षा विभागाच्या दाराशी सापडला,
बारा वर्षं दार उघडं धरून होता बिचारा.

बाहेर रवीनगरच्या मैदानावर ऊन असं
की चुन्याची रेघ कुठं संपते, माती कुठं लागते, कळत नाही.
कूलरमध्ये मी दोन बादल्या पाणी ओतलं.
वाळ्याचा वास आला
तशा त्या म्हणाल्या, लिहा पुढं.

वैरागडे मॅडम मूळच्या तुमसरच्या.
आठशे मीटर धावायच्या.
अखिल भारतीयला एकदा चौथ्या आल्या,
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
तेही गाडी तीन तास लेट होती म्हणून,
इटारसीला, पोरींच्या ट्रंकेवर बसून.

पाटीवर सहा वर्षं 'प्रभारी' होतं.
मग ऑर्डर निघाली, पेंटरनं ते पुसलं,
पण 'संचालक' मधोमध काही आलं नाही,
उजवीकडे सरकलेलंच राहिलं.
नवी पाटी करू म्हटलं तर म्हणाल्या,
त्या पैशात दोन डझन बिब येतात.

लोकांना वाटतं खेळाचं खातं, म्हणजे शिट्टी.
शिट्टी मी पाहिली नाही त्यांच्या गळ्यात.
पाहिले ते रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म,
भत्त्याची बिलं, ब्लेझरची मापं,
आणि रात्री साडेअकराला बुटीबोरीहून फोन करणारा एखादा बाप,
पोरगी पोचली का हो.
पोचली, म्हणायच्या. जेवली. झोपली.
मग मला विचारायच्या, गाडी पोचली का?

कुलगुरू बदलत गेले.
प्रत्येकानं पहिल्या बैठकीत विचारलं, सिंथेटिक ट्रॅक कधी?
मॅडम फाईल पुढं सरकवायच्या.
फाईल जाडजूड झाली आता,
तिच्यावर उभं राहून उंच उडी मारता येईल.

एका पोट्ट्याचं नाव त्यांनी कापलं होतं,
जन्मदाखल्याचा संशय आला म्हणून.
दाखला खरा होता. नंतर कळलं.
तो आता अमरावती रोडला पंक्चर काढतो.
मॅडम घरी जायला
भरतनगरकडून वळसा घेतात.
मी कधी विचारलं नाही.

पान त्रेसष्ट.
स्पाइक शूज, नंबर पाच, जोड एक.
घेणार: सुनंदा मडावी, एटापल्ली.
परत: काही नाही.
ऑडिटनं दरवर्षी लाल शाईत लिहिलंय,
वसुली करावी.
मी म्हटलं, 'गहाळ' लिहितो मॅडम,
साडेआठशे भरून टाका, मिटलं.

त्या थांबल्या.
'सातवी आली होती ना ती?'
हो.
'दुसऱ्या लेनमध्ये.'
लेन मला आठवत नव्हती.
मला आठवत होतं की पोरगी
जिन्यावर बसून पोहे खात होती, तर्री नको म्हणाली,
आणि बूट मांडीवर धरले होते,
कोणी मागेल म्हणून.
पुढच्या वर्षी आलीच नाही. लग्न झालं म्हणे,
की कुठं कामाला गेली. पत्र गेलं, परत आलं.

मॅडमनं पर्स उघडली, पैसे मोजले,
पन्नास कमी पडले, ते मी घातले.
पावती फाडली.
मग म्हणाल्या, पैसे भरले, पण 'गहाळ' लिहू नका.
मग काय लिहू?
तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद.
दोघंही घाम पुसत बसलो,
त्यांनी काही सांगितलं नाही
आणि मी पुन्हा विचारलं नाही.

रकाना कोरा आहे अजून.
उद्या नवे साहेब येणार, चार्ज घेणार, सह्या होणार.
त्यांना आधी तो गोळा दाखवायला पाहिजे,
कारण आज सकाळी पाहिलं तर
परीक्षावाल्यांनी तो
परत नेऊन दाराला लावलाय.